जांभळ्या ब्लाउजचा दाब

ग्रंथपालबाईंकडे समारंभाची साडी एकच होती आणि ती त्यांनी अठरा वर्षं नवी म्हणून नेसली. साडी तीच, जांभळी, रेशमी, चार बोटं जरीच्या काठाची. नवं असायचं ते बाकीचं, आणि ते टाचणी करून द्यायची.

टाचणी म्हणजे जिन्याखालच्या खोलीत शिवणकाम करणारी बाई. तोंडात दोन-तीन टाचण्या धरूनच ती बोलायची, म्हणून ग्रंथपालबाईंनी तिचं हे नाव पाडलं होतं. टाचणी त्यांना बाईसाहेब म्हणे, पण नावापुरतंच. अगं-तुगं पहिल्याच वर्षी सुरू झालं होतं.

वरिष्ठांच्या निरोप समारंभाला टाचणीनं साडीवर बंद गळ्याचा, मनगटापर्यंत बाह्यांचा पांढरा ब्लाउज शिवला. भाचीच्या लग्नाला पदर पुढे घेऊन वर कापडी पट्टा बांधला. मुलीच्या शाळेतल्या कार्यक्रमाला तर मुलीचंच डेनिमचं जाकीट वरून चढवलं.

"लोक हसतील गं."

"हसले तर सांग, शिंपिणीनं फसवलं."

नेसून नेसून खालचा काठ विरला, तेव्हा टाचणीनं फॉल उसवून वरच्या काठाला लावला आणि साडी उलटी केली. विरलेला काठ कमरेत खोचला गेला, कोरा पावलांवर आला. ग्रंथालयात तिघींनी विचारलं, "नवी घेतलीत?"

"घेतली कुठली, उलटली," ग्रंथपालबाई म्हणाल्या. कुणाचाच विश्वास बसला नाही.

साडीच्याच कापडातला जांभळा ब्लाउज मात्र एकच होता, आणि तो फक्त घरच्या कार्यासाठी. त्याच्या कुशीच्या शिवणीत, म्हणजे बगलेपासून कमरेपर्यंत, टाचणीनं सुरुवातीलाच भरपूर कापड आत सोडलं होतं. याला दाब म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवून हा दाब बाहेर सोडायचा, वाळलं की पुन्हा आत घ्यायचा. ब्लाउज चार वेळा सोडला गेला, एकदा आत घेतला गेला. रेशमाला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही. त्यामुळे आतून पाहिलं तर जुन्या शिवणींच्या रेघा एकीशेजारी एक दिसायच्या. ग्रंथपालबाई दर वेळी ब्लाउज उलटा करून त्या बघत. "पुस्तक आधी आतून बघावं," म्हणत. आणि निघताना ठरलेलं वाक्य: "काम अर्धंच झालंय हं, पुन्हा येणार मी."

मुलीच्या लग्नाला तीन आठवडे होते, तेव्हा त्या आल्या. रिक्षातून उतरून चार पायऱ्या चढेपर्यंत दोनदा थांबल्या. पोटाच्या दुखण्याचे उपचार चालू होते, हे टाचणीला माहीत होतं. सात महिन्यांत तिनं त्यांना पाहिलं मात्र नव्हतं.

"अशी बघू नकोस. भूत नाही मी," ग्रंथपालबाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "ब्लाउज आत घे. लग्नानंतर औषधं बदलणार आहेत, मग अंग धरेल. तेव्हा पुन्हा सोडायचाय."

टाचणीनं टेप लावली. छाती छत्तीसची तीस झाली होती. तिनं वहीत आकडा लिहिला, पण नेहमीसारखा मोठ्यानं वाचला नाही.

"किती?"

"आहे ठीक."

"शिंपीण लबाड झाली," ग्रंथपालबाई हसल्या. "आणि हे बघ, टोचू देऊ नकोस. कातडी फार हुळहुळी झालीय. साधं चादरीचं टोक लागलं तरी जीव जातो."

दुसऱ्या दिवशी दुपारी टाचणी ब्लाउज घेऊन बसली. शिवण आत घेतली, तशी प्रत्येक कुशीत दोन-दोन इंचांची दुहेरी घडी जमली. बगलेखाली गठ्ठाच झाला. तिनं इस्त्री फिरवली, घडी चापून बसवली, स्वतःच्या हातावर घासून पाहिली. टोचत होती.

तिला शिवण शिकवणारा तिचा सासरा म्हणायचा, "कात्रीला घाई असते, आपल्याला नसावी." दाब कापायचा नाही, हा त्याचा पहिला धडा. इतक्या वर्षांत तिनं कुणाचाही कापला नव्हता. आता तिनं कात्री उचलली. मनात आलं, आता हा सोडणार तरी कोण? आणि कात्री चालली. दीड-दीड इंच रुंदीच्या चार पट्ट्या सुटल्या. उरलेला अर्धा इंच तिनं मऊ सुती पट्टीत गुंडाळून शिवला. काम इतकं सफाईचं झालं होतं की तिचं तिलाच बरं वाटलं.

चार दिवसांनी ग्रंथपालबाई मुलीला घेऊन आल्या. पडद्याआड ब्लाउज घालून आरशासमोर उभ्या राहिल्या, हात वर केला, खाली केला.

"अगं, अंगावर काही आहे असं वाटतच नाही!"

"आई, किती छान बसलाय," मुलगी म्हणाली. "नवरीकडे कोण बघणार आता?"

"तेच तर. तू आपली मागे उभी राहा."

तिघी हसल्या. ग्रंथपालबाई पडद्याआड गेल्या, ब्लाउज हातात घेऊन बाहेर आल्या आणि सवयीनं त्यांनी तो उलटा केला.

बोट बगलेपासून खाली फिरत गेलं. जुन्या रेघा नव्हत्या. बोट दुसऱ्या कुशीवर गेलं, तिथंही नव्हत्या. मुलगी आरशात स्वतःचे केस बघत होती.

"टोचत होतं ना," टाचणी म्हणाली. तोंडातल्या टाचण्या तिनं काढून हातात घेतल्या होत्या.

"हो. मीच म्हटलं होतं." त्यांनी ब्लाउजची नीट घडी घातली. दारात थांबून म्हणाल्या, "अठरा वर्षांत पहिल्यांदा पुरं केलंस बाई माझं काम."

रिक्षा गेली. टाचणीनं दुपारभर एकही टाका घातला नाही. कुणी ग्रंथपालबाईंना तोंडावर म्हटलं असतं की तू वाचणार नाहीस, तर निदान भांडण तरी झालं असतं. तिनं तेच सुबक शिवून दिलं होतं. मग ती उठली आणि चिंध्यांचं पोतं जमिनीवर ओतलं. एक पट्टी लगेच सापडली, दोन अस्तराच्या तुकड्यांत गुंतल्या होत्या. चौथी मशीनच्या पायाखाली होती, तेल पुसून काळी झालेली. तिनं ती साबणानं तीनदा धुतली.

सकाळी अकराला ती ग्रंथपालबाईंच्या घरी पोचली. मुलगी खरेदीला गेली होती. ग्रंथपालबाई खिडकीजवळच्या पलंगावर होत्या, पायांवर पातळ चादर.

"आता काय राहिलं?"

टाचणीनं पिशवीतून पट्ट्या काढल्या. "दाब आणलाय. परत लावून देते."

ग्रंथपालबाईंनी एक पट्टी बोटांत धरली. "जोडलेला दाब सुटतो का गं?"

"सुटतो. बगलेत जोड जातो, कुणाला दिसत नाही."

"आणि मला सोडायची वेळ येईल?"

टाचणीनं सुईत दोरा ओवायला घेतला. "ते मला काय विचारतेस? मी शिंपीण. माझं काम दाब ठेवायचं."

"मग हे आधी का नाही सुचलं?"

"अक्कल गहाण पडली होती."

"कुणाकडे? सोडवून आण बाई, लग्नात लागेल." ग्रंथपालबाई हसल्या, आणि हसताना पोट धरलं. मग उशाखालून त्यांनी ब्लाउज काढला. तो कपाटात नव्हता, उशाखाली होता, हे टाचणीच्या लक्षात आलं.

ती पलंगाच्या कडेला बसून शिवू लागली. मशीन नव्हती, हातशिलाई. सुती पट्टी उसवली, जुन्या कापडाला कापलेली पट्टी जोडली, रेघा शक्य तिथं रेघांना जुळवल्या. दोन तास गेले. ग्रंथपालबाई मधेच झोपल्या, मधेच जाग्या झाल्या.

"टोचेल का?"

"टोचेल थोडं," टाचणी म्हणाली. या खेपेला ती खोटं बोलली नाही.

"टोचू दे."

लग्नात त्यांनी साडी सरळ नेसली, विरलेला काठ खाली. आता तोच आवडतो म्हणाल्या. फोटोच्या वेळी त्यांचा हात सारखा कुशीकडे जात होता. टाचणी शेवटच्या रांगेतून बघत होती. दोघींची नजर एकदा भेटली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी हात खाली घेतला आणि मान ताठ केली.

औषधं बदलली. अंग धरलं नाही. लग्नानंतर अकराव्या आठवड्यात त्या गेल्या.

पुढच्या महिन्यात मुलगी जांभळी साडी आणि ब्लाउज घेऊन जिन्याखालच्या खोलीत आली. ग्रंथालयात आईची शोकसभा होती.

"मावशी, मला हीच साडी नेसायचीय. लोक म्हणतील, शोकसभेला जरी कसली. पण त्यांनी आईला ह्याच साडीत बघितलंय."

"म्हणू देत. पदर साधा घेऊ, बाकी काही नको. ब्लाउज नवा शिवते, पांढरा."

"नको. आईचाच सोडा. ती म्हणाली होती, यात भरपूर दाब आहे, मावशीनं तुझ्यासाठी ठेवलाय."

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून सुयांच्या उशीला टोचल्या. टेप घेतली. चौतीस. आकडा तिनं मोठ्यानं वाचला आणि ती दिव्याखाली बसली. जोडाचे, स्वतः हातानं घातलेले टाके तिनं तसेच ठेवले. फक्त कुशीची शिवण उसवली. पट्ट्या बाहेर आल्या. जोड बगलेखाली दिसत होता, आणि एका पट्टीवर तेलाचा फिकट डाग.

मुलीनं त्यावर बोट फिरवलं. "हे काय आहे?"

"चूक आहे माझी."

टाचणीनं इंच-इंच सोडून शिवण घातली, ब्लाउज उलटा करून तिच्या हातात दिला.

"अर्धा इंच उरलाय," ती म्हणाली. "तो मी कापणार नाही."