बेबी ऑफ सुनंदा

फ्लॅटमध्ये चार खोल्या होत्या, सहा खिडक्या, तीन एसी, तुळशीची एक कुंडी, पाच किलो कांदे आणि तीन माणसं: शिरीषमामा, सुनंदामामी आणि मी. तुळस आणि कांदे मी मुद्दाम मोजले, कारण श्वास तेही घेतात.

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मी गेल्या वर्षी बहारीनला आले. मआमीरजवळच्या कारखान्यांमधली आणि ऑफिसांमधली हवा मोजणं हे माझं काम. राहते मामाकडे, हिद्दला. लहान खोली मोकळी असूनही मामीने मला हॉलमधला सोफा दिला. ती खोली इस्त्रीच्या टेबलासाठी आणि बॅगांसाठी आहे, असं ती म्हणाली. त्या खोलीचं दार मात्र ती दोन्ही हातांनी धरून, कडीचा आवाज होऊ न देता लावते. बाकी सगळी दारं ती आपटते.

मामा एका कंपनीत अकाउंटंट आहे. तिथल्या आरोग्य विम्यात माणूस एकटा असेल तर पगारातून काही कापत नाहीत. नवराबायको असतील तर जोडप्याचा अधिभार कापतात. मूल असेल तर कुटुंबाचा, आणि तो जवळजवळ दुप्पट. ऑफिसात सगळे त्याला फॅमिली टॅक्स म्हणतात. दोन वर्षांपूर्वी मामीला मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. मामाने कागद दिले, मुलीचं नाव विम्यातून निघालं, अधिभार परत जोडप्याचा झाला.

यंदा नूतनीकरणात तो पुन्हा कुटुंबाचा आला. सोबत तीन कार्डं आली. तिसऱ्यावर फोटोची चौकट रिकामी होती. खाली लिहिलं होतं, ‘बेबी ऑफ सुनंदा, वय दोन वर्षं’.

मामाने ऑफिसात विचारलं. जुनी नोंद चुकून परत आली असेल, वय सिस्टीम आपोआप वाढवते, असं त्याला सांगितलं. नाव काढायला नवराबायको दोघांच्या सह्या हव्या होत्या, त्याही रविवारपर्यंत.

गुरुवारी जेवण झाल्यावर मामाने कागद आणि पेन टेबलावर ठेवलं. त्याची सही झाली होती.

“सुनंदा, कर सही आणि खलास.”

“करते की. आधी तिला विचारून येते.”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी ताटं उचलायला लागले.

“बारसं झालं नाही तिचं,” मामी म्हणाली. “नाव ठेवायला तीन दिवस कमी पडले आपल्याला. दवाखान्याने लिहिलं तेवढंच तिचं नाव, आणि तेही तू खोडणार.”

“अगं, दोन वर्षं झाली.”

“तेच लिहिलंय ना कार्डावर. दोन वर्षं.” मग दूध उतू गेलं हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, “दुपारी आत झोपते ती. श्वास ऐकू येतो.”

“एसीचा आवाज आहे तो.”

“त्या खोलीत एसी कुठाय, शिरीष?”

नव्हता. तीन एसी मी मोजले होते.

मामा बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसला. मग मला म्हणाला, “स्पृहा, तुझं ते यंत्र माणसं मोजतं ना?”

“माणसं नाही, कार्बन डायऑक्साइड. पण बंद खोलीत तो किती वेगाने वाढतो त्यावरून आत कोण आहे याचा अंदाज येतो. बसलेला मोठा माणूस तासाला साधारण पंधरा लीटर सोडतो.”

“आणि तान्हं बाळ?” विचारून झाल्यावर त्याने मान खाली घातली.

“दोन.”

“रिकामी खोली?”

“शून्य.”

“दोन वर्षांचं मूल?” मामीने विचारलं.

“पाच-साडेपाच.”

मामीने कागद घडी घालून फळांच्या टोपलीखाली सरकवला. “ठेव तुझं यंत्र आत. शून्य आलं तर मी सही करीन. नाही आलं तर शिरीष, हा कागद तू फाडायचा आणि जन्मभर कापू दे त्यांना काय कापायचं ते.”

“इंशाल्ला,” मामा म्हणाला. तो हसला नाही.

खोली लहान होती. मी तिचं घनफळ काढलं आणि त्याच रात्री दाराखिडक्यांच्या फटींतून किती हवा गळते तेही मोजून ठेवलं. शुक्रवारी सकाळी खिडकी उघडून आतली हवा बाहेरच्याइतकी केली. यंत्र ४३१ पीपीएमवर स्थिरावलं. खिडकी बंद केली, बॅगा उघडून पाहिल्या, कपाट तपासलं. कपाटाखालचे कांदे बाल्कनीत, तुळशीशेजारी नेले.

“आता कांद्यांचाही विमा काढा म्हणतील,” मामी म्हणाली. ती सकाळपासून खुशीत होती. आवाज मात्र दबका ठेवून बोलत होती.

यंत्र इस्त्रीच्या टेबलावर ठेवून मी बाहेर आले. दाराच्या चारी बाजूंना चिकटपट्टी लावली. मामाने पट्टी आणि चौकट यांवर मिळून आडवी सही केली, एकदा वर, एकदा खाली. “ऑडिट,” तो म्हणाला. गॅस बंद केला, फ्लॅटला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं मुहर्रकला नझीरकडे जेवायला गेलो. नझीर मामाच्या ऑफिसातला. त्याची बायको इरम महिन्यापूर्वीच लखनौहून आलेली, तिला कुणाचं काही माहीत नव्हतं.

“भाभी, बच्चे?” तिने भात वाढता वाढता विचारलं.

“एक,” मामी म्हणाली. “घर पे है. सो रही है.”

“अकेली?”

“आदत है उसको.”

नझीरचा हात थांबला. मामाने ताटातलं लिंबू पिळलं, सगळं पिळून झाल्यावरही पिळत राहिला. परत येताना सिग्नलला मामी म्हणाली, “जरा यल्ला कर, लवकर चल. उठली असेल.”

चार तासांनी आम्ही परतलो. फ्लॅटचं कुलूप जसंच्या तसं होतं. लहान खोलीच्या दारावरची पट्टी कुठेही सुटली नव्हती. मामाने दोन्ही सह्यांवरून अंगठा फिरवला. रेघा जुळत होत्या.

पट्टी मी काढली. खोलीत कुणी नव्हतं. खिडकी बंद होती. काचेला आतून, माझ्या कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढा दमट डाग होता. मी पाहत असतानाच तो आक्रसत गेला.

यंत्रावर १२२६ होते.

यंत्र बिघडलं असेल म्हणून ते बाल्कनीत नेलं. तीन मिनिटांत ते ४३१ वर उतरलं. मग लॅपटॉपला जोडून चार तासांचा आलेख काढला. मधे कुठेही उडी नव्हती, खंड नव्हता. रेघ पहिल्या मिनिटापासून चढत होती.

मामा टेबलाशी बसला होता. कागद त्याने टोपलीखालून काढून पुढ्यात ठेवला होता. मामी हॉलमध्ये नव्हती. लहान खोलीचं दार आतून, आवाज न होता लागलं होतं.

“किती?” मामाने विचारलं.

घनफळ घातलं, गळती वजा केली, दोनदा हिशेब केला.

तासाला ५.४ लीटर.