बाबांचा निळा

तिने खिडकीचा पडदा पूर्ण सरकवला आणि वडिलांच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा अलगद काढून घेतला. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदूही निघाला होता, आणि डॉक्टरांनी आजपासून मोकळीक दिली होती.

"आता आमचे पिकलेले केसही दिसणार तुम्हाला," संत्रं सोलत धाकटा भाऊ म्हणाला.

"तुझे पिकायला आधी काही काम करावं लागेल."

आज ते खुशीत होते. साबणाच्या वेष्टनांवर नक्षी काढण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि तीही फक्त सोनेरी, निळ्या आणि गुलाबी रंगात. ज्याला चौथा रंग लागतो त्याला पहिले तीन कळलेले नसतात, असं ते येईल त्याला ऐकवत. अलीकडे हात थरथरू लागला होता. नव्या डोळ्यांनी सगळं काम एकदा बघीन आणि माझं टेबल कुणाला द्यायचं ते सांगीन, असं त्यांनी दोघांना बजावून ठेवलं होतं. कॉलेज संपल्यापासून ती त्या टेबलाशी उभी होती. भाऊ अधूनमधून डोकावून जाई.

तिने वेष्टनं त्यांच्यासमोर मांडली. त्यांनी एक उचलून उजेडात धरलं आणि उलटसुलट करून न्याहाळलं.

"काय निळा आहे हा," शेवटी ते म्हणाले. "मी उगाच छापखान्याला शिव्या घालत होतो."

छापखाना आपला निळा खातो, ही त्यांची जुनी तक्रार. छापखान्याने काहीच खाल्लं नव्हतं. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं तसा त्यांना निळा मळका दिसू लागला, आणि छापखान्यासाठी रंग घोटताना ते निळा वाढवत गेले. दुपारी ते आडवे झाले की ती ते मिश्रण ओतून द्यायची आणि जुन्या नमुन्याशी ताडून नवं घोटायची. एकदा तिने सुचवून पाहिलं होतं. 'तुला डोळा नाही,' म्हणत त्यांनी तिला काही दिवस टेबलाजवळ फिरकू दिलं नव्हतं.

बघता बघता वडिलांचा हात एका वेष्टनावर थांबला. त्यातला निळा अंगावर येत होता. शेजारचा गुलाबी त्याच्यापुढे शिळा दिसत होता, सोनेरी निव्वळ पितळ.

"हे कुणी केलं?"

तेव्हा ती तापाने अंथरुणात होती. वडिलांनी घोटलेला रंग जसाच्या तसा छापखान्यात पोहोचवून आला होता तो भाऊ. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मांडीवरची सालं वेचायला घेतली.

"तुझंच ना?" वडिलांनी तिला विचारलं.

ती भावाकडेच बघत राहिली. सालं वेचून झाली, तरी तो वेचत होता.

"वाटलंच मला." त्यांचा आवाज मऊ होता, आणि तेच जास्त लागलं. "मेहनत आहे तुझी, नाही कोण म्हणतं? पण डोळा लागतो, बाळ. टेबल हा घेईल. त्याचा हात बसेपर्यंत तू जवळ राहा."

"ताई असल्यावर मला कसली काळजी," भाऊ म्हणाला.

"आधी माझा निळा घोटून दाखव त्याला. मी सांगतो तसा."

तिने वाटी घेतली. वडील डोळे मिटून प्रमाण सांगू लागले, अलीकडच्या वर्षांतलं, पाठ झालेलं. ती चमच्याने रंग घालत गेली. एरवी जिथे थांबायची तिथे हात आपोआप थांबला.

"अजून घालू?"

"घाल. सांगतोय ना."

तिने घातला. नीट घोटला, कोऱ्या कार्डावर रुंद पट्टा ओढला आणि कार्ड त्या नापसंत वेष्टनाला चिकटून खिडकीत ठेवलं. मग हात धुतले आणि पर्स खांद्याला लावली.

"वाळला की बघा, बाबा."

तेवढा धीर त्यांना कधीच नव्हता. तिने चपला पायात सरकवल्या तेव्हा ते उठून खिडकीकडे निघालेही होते.