सरांची ऊबदार मूठ

फ्रिजवर सरांच्या सहीची पाटी आहे: 'कोलॅजेनची बाटली हातात धरू नये. बर्फातच ठेवावी.' मी ती रोज वाचते, कारण आमच्या प्रयोगशाळेत वाचण्यासारखं दुसरं काही नाही.

त्या सकाळी यकृताच्या पेशींचा शेवटचा फ्लास्क उरला होता. ऑपरेशनच्या वेळी ज्या आजोबांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला ते नंतर वारले, म्हणजे पुन्हा मागायची सोय नाही. या पेशी नुसत्या प्लास्टिकवर ठेवल्या तर चपट्या होतात आणि आपण यकृत आहोत हेच विसरतात. भोवती कोलॅजेनची जाळी लागते, शरीरात असते तशी. मिसळलेलं कोलॅजेन थंड असेपर्यंत पातळ. अंगाची ऊब लागली की घट्ट, मग ब्रह्मदेव आला तरी पातळ होत नाही. होतं नव्हतं तेवढं मिसळून मी बर्फात ठेवलं आणि पेशी आणायला शेजारच्या खोलीत गेले.

परत आले तर सर प्रयोगशाळा बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर उभे. मुठीत माझी बाटली.

"हे पेशींचं घर," सर म्हणाले, आणि घर या विषयावर सहा मिनिटं बोलले.

"सर, बाटली."

"तेच सांगतोय ना."

"सर, बर्फात."

"अगं, पाहुणे आहेत."

तंत्रज्ञ ताई माझ्या कानाशी म्हणाली, "कोंबडीसुद्धा इतक्या मन लावून उबवत नाही."

शेवटी मी बाटली काढून घेतली आणि उलटी केली. थेंबही पडला नाही. एका पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दुसरी काढ," सर म्हणाले.

"तीन आठवड्यांनी येणार."

"मग पेशींना थांबव."

जशा काही त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या.

जो चुकतो त्यानं नोंदवहीत स्वतः लिहायचं, हा सरांचाच नियम. मी वही पुढे केली.

"तूच लिही. तापमानाची गडबड."

माझं डोकं इतकं तापलं होतं की त्यावर आणखी दहा बाटल्या घट्ट झाल्या असत्या. मी लिहिलं: 'उष्णता कुठून आली: सरांची उजवी मूठ. प्रकृती ठणठणीत.' सरांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली.

चौथ्या दिवशी पेशी चपट्या होऊन पसरल्या होत्या. सर सूक्ष्मदर्शकात डोकावले.

"या अशा का झाल्या?"

मी वही उघडून सहीवर बोट ठेवलं. ते वाचत वाचत 'ठणठणीत'पर्यंत पोचले.

"खोड हे."

"पेनानं लिहिलंय, सर."

मग फ्लास्क त्यांच्या हातात दिला. "हा टाकायचाच आहे. धरा आता हवा तितका वेळ."