चहा बिडी

आमच्या मालकांच्या छातीत धडधड व्हायची आन् जीव माजा जायचा. गिरणीतनं येऊन भिंतीला टेकलं की सदऱ्यावरनं दिसायचं, आत कोंबडी फडफडतीया जनू. रातपाळीत डुलकी लागू नये म्हनून काळा चहा, त्यावर बिडीला बिडी लावून वडायची. मग काळीज धडधडनार न्हाय तर काय भजन म्हननार? सोडा म्हनलं की त्यांचं ठरलेलं, "तू डाक्टर हायस व्हय?"

तर जावा की डाक्टरकडं, म्हनून मीच मागं लागले. पेठेत नवा डाक्टर आलता, म्हैसूरकडचा. त्याला मराठी येत नव्हती, कानडीच बोलायचा. मालक येकलेच गेलं आन् हसत आलं.

"काय म्हनला?"

"चहा, बिडी. दुसरं काय बोललाच न्हाय. सारकं आपलं चहा बिडी, चहा बिडी."

मी नातेपुत्याकडची, मला कानडीचा गंध न्हाय, आन् घरात त्यांच्या तोंडनं बी कानडी कदी ऐकली नव्हती. शिकल्यासवरल्या मानसानं सांगितलं म्हनल्यावर मी कोन बोलनार? तवापासनं माज्या हातानं गूळ घालून चहा दिला. बिडी पेटवायला चुलीतलं कोलीत म्होरं धरलं. ते मिटक्या मारत म्हनायचं, "आवशीद हाय, न्हाय कसं म्हनावं?"

दिवाळीच्या तोंडावर गिरणीत मागापाशीच कोसळलं. घरी आनलं, आन् दिवेलागनीला गेलं.

शेजारच्या चंद्रव्वाला मी सांगितलं, डाक्टरनं चहा-बिडी दिली तरी गुन आला न्हाय बग. तिनं कपाळाला हात लावला.

"अगं, कानडीत बिडी म्हंजी सोडा. आमी हितं बिडरी म्हनतो, म्हैसूरकडं बिडी. चहा सोडा म्हनला असंल की त्यो."

माज्या तळपायाची आग मस्तकाला गेली. येका शब्दापायी सोन्यासारका मानूस गेला. त्या डाक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी. भेटायला येईल त्याला त्येच सांगत बसले.

मग चनबसप्पा आला, मालकांच्या शेजारच्या मागावरचा. त्यालाबी सांगितलं. त्यो खाली बगत बसला.

"वैनी, डाक्टरला शिव्या नका देऊ."

"का न्हाय देऊ? मानूस खाल्लं त्यानं माजं."

"आपला हिंदुराव आमच्यापरीस चांगलं कानडी बोलायचा. मागावर आमाला हसवायचा त्यो कानडीतच. त्या दिशी दवाखान्यातनं आला तवा म्हनला, डाक्टरनं लई झ्याक शब्द दिलाय, आता बायकोचं तोंड बंद करतो बग."

मला रडू आलं न्हाय. राग आला. असला राग जित्या मानसाचा बी आला नव्हता.

जीव गेला त्या जागी दिवा लावलेला. त्याच्याम्होरं मी रोज त्यांच्या आवडीचं ठिवत होते, कपबशी आन् बिडीचं बंडल. चनबसप्पा गेल्यावर उठले. चहा मोरीत वतला, बंडल चुलीत घातलं. मग दिव्याम्होरं बसले.

"चहा बिडी," मी म्हनलं. "आता तरी समजलं का, मालक?"