देवाच्या झग्याचा घोळ

मी पडदा बोलतोय. अंगाने लालभडक मखमल, अकलेने यथातथाच. नाटकगृहात वरखाली करण्यापलीकडे मला काम नव्हतं, पण टाळ्या पडल्या की त्या मलाच पडल्या असं वाटायचं. नाटकगृह बंद पडलं आणि माझा हा गैरसमज उंदरांनी बराचसा कुरतडला.

उरलासुरला मी चर्चमध्ये आलो. पाळकांना बायबलातल्या एका संदेष्ट्याला झालेला देवाचा दृष्टान्त रंगमंचावर उभा करायचा होता: उंच सिंहासन, धूर, परमेश्वराच्या झग्याच्या घोळाने भरून गेलेलं मंदिर आणि संदेष्ट्याचे विटाळलेले ओठ निखाऱ्याने शुद्ध करणारा देवदूत.

"देव दिसायचा नाही," पाळक म्हणाले. "आपल्या डोळ्यांना झग्याचा काठच झेपतो. नुसत्या काठाने मंदिर भरतं, मग तो स्वतः केवढा असेल!"

तो काठ म्हणजे मी! कसर लागलेला, बिडीचा वास मारणारा. फुगून नुसता टम्म झालो.

माझी भोकं बुजवायला शिंपीण बसली. सिंहासन तिचा धाकटा भाऊ करत होता, सुतार. आवाज खणखणीत म्हणून संदेष्ट्याचं कामही त्याच्याच गळ्यात पडलेलं. दोघं एकमेकांकडे पाठ करून काम करायची. साधं माप हवं असलं तरी निरोप पाळकांमार्फत. आईच्या दफनाला त्याने चारचौघांत म्हटलं होतं, "हिनेच आईला मारलं. दवाखान्यात नेलंच नाही." तेव्हापासून अबोला. शिवताना शिंपीण स्वतःशीच पुटपुटायची, "आईच नको म्हणाली होती रे, बाळा."

प्रयोगाला चर्च खच्चून भरलं. धूर सुटला. सिंहासनामागे दडून शिंपीण मला पुढे सोडू लागली आणि मी पायऱ्यांवरून ऐटीत ओघळलो. काय तो रुबाब! निम्म्या वाटेत खिळ्याला अडकलो. नावाचा घोळ, शेवटी घोळच घातला.

खाली सुतार गुडघे टेकून ओरडत होता, "मेलो मी! माझे ओठ विटाळलेले आहेत, आणि या ओठांनी मी..."

त्याची नजर वर गेली. बहीण धुरात खोकत मला ओढत होती. त्याचं वाक्य तिथेच अडलं. लोकांना वाटलं, विसरला. तो उठून पायऱ्या चढला.

"ताई, ओढू नकोस, फाटेल."

त्याने मला खिळ्यातून अलगद सोडवलं. "खिळा ठोकायचा माझाच राहिला. आणि त्या दिवशी बोललो ते... तोंड घाण होतं गं माझं."

"अरे, लोक बघतायत."

"बघू देत."

शिंपिणीने पदराने डोळे पुसले. "मेला हा धूर! जा खाली, गुडघे टेक. निखारा घेऊन देवदूत केव्हाचा ताटकळलाय."

देवदूताने कागदी निखारा ओठांना लावला तेव्हा सुतार हमसाहमशी रडत होता. पहिल्या बाकावरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय काम करतो गं!"

पुढे मला कापून प्रार्थनेच्या गाद्या शिवल्या. वैभवातून थेट गुडघ्यांखाली. रविवारी बहीणभाऊ माझ्यावर शेजारीशेजारी टेकतात आणि हळूच आईबद्दल बोलतात. पाळक खाकरतात, पण थांबवत नाहीत. सुतार वजनाला भारी आहे, सोसतो. तुम्हीही या कधी. फक्त मला पायाने सरकवू नका, हाताने ओढून घ्या. एवढा मान मला पुरे.