न वाजलेला रेडिओ

“घेऊन जा तुझा रेडिओ,” दादाने पत्र्याचा डबा पुढे सरकवला.

धाकट्याच्या मनात लगेच पाल चुकचुकली. लहानपणी दोघांनी मिळून केलेला हा खड्याचा रेडिओ. ना बॅटरी, ना वीज. चकाकत्या खड्यावर सुई टेकवायची आणि इयरफोन कानाला लावायचा. दादा गाणी ऐकत ताल धरायचा. धाकट्याची पाळी आली की सगळं चिडीचूप! “तुझा कानच जड आहे,” दादा म्हणायचा आणि रेडिओ ट्रंकेत कुलूपबंद करायचा. इयरफोन देताना दादा हळूच सुई सरकवतो, हे धाकट्याने तेव्हाच ओळखलं होतं. पुढे घराच्या वाटणीत, दादाने सांगितलेल्या आईच्या शेवटच्या निरोपात, सगळीकडे त्याला ती सरकलेली सुईच दिसली.

आणि आज हा एवढा उदार?

त्याने डबा उघडला. जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरण्यात जन्म गेलेला माणूस. नजर आधी तारेच्या वेटोळ्यावर गेली. टोकांवरचं वार्निश तसंच होतं. न खरवडता जोडलेली तार, म्हणजे प्रवाह पुढे जाणारच नाही. यातून आवाज कसला येणार, कप्पाळ!

“दादा, हा कधी वाजलाच नाही?”

“नाही.”

“मग तू काय ऐकत होतास?”

“बाबा पट्टा घेऊन दारात उभे होते. या वेटोळ्यासाठी त्यांच्या टेबलफॅनची तार उसवली होतीस तू. मी म्हटलं, वाजतोय! झालं, पट्टा टाकून शेजाऱ्यांना सांगायला पळाले. मग रोज गाणी ऐकणं आलं.”

“मला तरी सांगायचंस!”

“तू तोंडाचा फाटका. बाबांसमोर ओकला असतास. टोकं खरवडायची असतात हे मला कळलं, तोवर तू माझ्याशी बोलणं टाकलं होतंस.”

धाकट्याला हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. विषय बदलावा म्हणून त्याने विचारलं, “काल डॉक्टर काय म्हणाले?”

“काही नाही रे. अशक्तपणा आहे नुसता.”

एवढं बोलून दादा गुणगुणू लागला. खाटेच्या कडेवर त्याची दोन बोटं ताल धरत होती, अगदी तेव्हासारखी. आत वहिनी नळ सोडून नुसतीच उभी होती.

धाकट्याची नजर त्या बोटांवरून वहिनीकडे गेली. त्याने इयरफोन उचलून कानाला लावला.

“येतंय का काही?” दादाने विचारलं.

“येतंय की,” तो म्हणाला आणि त्यानेही खाटेवर ताल धरला.