अर्ध्या घाटातून परत

“अण्णा, खाल्लं का काही?”

“खाल्लं की! सायकल चालवतोयस, महिपा, की खानावळ?”

महिपती मागून पेडल मारत राहिला. पाबे घाटाचा चढ नुकता सुरू झाला होता आणि पुढे चाललेल्या सुदर्शनअण्णांचं चाक सारखं कडेच्या खडीत जात होतं. अण्णांचं असं कधी होत नसे.

दोघं विश्रांतवाडीला एकाच सोसायटीत राहत. महिपती पोस्टात कारकून, अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले, घरी ते आणि राधावहिनी. बायको गेल्यावर महिपतीने ऑफिस सोडून कुठे जाणंच टाकलं होतं. तेव्हा अण्णांनी त्याला आपली जुनी माउंटन बाइक दिली आणि दर रविवारी ते त्याला खडकवासल्यापलीकडच्या डोंगरवाटांवर नेऊ लागले. एकदा तो उपाशीपोटी चढता चढता मटकन खाली बसला, तेव्हा त्याच्या तोंडात खजूर कोंबत ते ओरडले होते, “भूक लागेपर्यंत थांबलास की संपलास! त्याच्या आधी खायचं, गाढवा.”

आज घाट निम्मा झाला आणि अण्णा सायकलसकट कडेला कलंडले. हात कापत होते, कपाळावर गार घाम. महिपतीने धावत जाऊन त्यांची पिशवी उघडली. राधावहिनींनी दिलेले मिठातले उकडलेले बटाटे, शेंगदाण्याचे लाडू, सगळं जसंच्या तसं होतं. पाण्याची बाटलीसुद्धा काठोकाठ भरलेली.

त्याने लाडू कुस्करून भरवला, घोटघोट पाणी पाजलं. हळूहळू अण्णांच्या चेहऱ्यावर रंग आला.

“खाल्लं म्हणालात ना?”

“मला वाटलं, खाल्लं.” अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. “आणि हा घाट कुठला रे?”

महिपतीला आधी हसू आलं. अण्णांचा चेहरा पाहिला आणि ते मावळलं. या घाटाचं वळण न् वळण त्याला अण्णांनीच दाखवलं होतं. मागच्या महिन्यात धरणाजवळ ते भलत्याच फाट्याला वळले होते, तेव्हा त्याने ते थट्टेवारी नेलं होतं.

“राधाला सांगू नकोस,” अण्णा म्हणाले.

“असं कसं? वहिनींना कळायला नको?”

“कळलं की सायकल बंद. मग मी करू काय? घरात नुसतं बसून राहणं म्हणजे काय असतं, ते तुला मी सांगायला हवं?”

महिपतीने दोन्ही सायकली उचलून रस्त्याकडेला उभ्या केल्या.

एका भाजीच्या टेम्पोवाल्याने दोघांना सायकलींसह शहरापर्यंत आणलं. वाटेत अण्णा हेल्मेटसकटच त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. महिपती हललासुद्धा नाही. या माणसाने आपल्याला घराबाहेर ओढून काढलं, आणि आता त्यालाच घरात कोंडायचं काम आपल्याकडे आलं. सांगायचं की नाही? विश्रांतवाडी आली तरी त्याचं ठरलं नव्हतं.

दार राधावहिनींनी उघडलं. “आज लवकर?”

“पंक्चर झालं, वहिनी,” महिपती बोलून गेला.

अण्णा दारातल्या खुर्चीवर बसून बूट काढत होते. ते थांबले.

“पंक्चर नाही झालं. राधा, आज मला पाबे घाट ओळखू आला नाही.”

वहिनी भिंतीला टेकल्या.

“मला कळत होतं हो,” त्या म्हणाल्या. “परवा दूध घेऊन समोरच्या बिल्डिंगमध्ये शिरलात. भावजींबरोबर असता तेव्हा बरे असता, असं वाटायचं मला. म्हणून बोलले नाही.” मग महिपतीकडे वळून, “तुमच्याही लक्षात आलं होतं ना?”

महिपतीने मान खाली घातली.

“पुढच्या रविवारी जाऊ नका,” त्या अण्णांना म्हणाल्या. “आधी डॉक्टर.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

वाद घातला असता तर महिपतीला बरं वाटलं असतं.

अण्णा हेल्मेटचा पट्टा सोडवू लागले. बोटं हनुवटीखाली चाचपडत होती, कडी उलट्या बाजूने दाबत होती. वहिनी पुढे झाल्या. महिपतीने हातानेच त्यांना थांबवलं. दोघं तसेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने कडी सुटली. अण्णांनी हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि घामाने कपाळावर चिकटलेले केस हाताने नीट मागे सारले.